बावन्न पायऱ्यांचे विस्मरण

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर अंबाडी नाका लागतो. तेथून एक रस्ता वज्रेश्वरी, गणेशपुरी करीत पुढे शिरसाडला मुंबई-अहमदाबाद महामार्गास मिळतो. शनिवार-रविवारी या रस्त्यावर ठाणे, कल्याण, डोंबिवली, मुलुंड, बोरिवली येथील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या गाड्यांची रांग असते. तानसेच्या काठची गरम पाण्याची कुंडे, आजूबाजूची रिसॉर्ट, दुपारचे जेवण आणि जाता जाता देवीचे दर्शन, असा कार्यक्रम ठरलेला असतो. क्रम मात्र नेमका हाच असतो. कुंड आधी, जेवण मध्ये आणि वेळ उरलाच तर देवी. मंदागिरीच्या टेकडीवरील बावन्न पायऱ्या धापा टाकीत चढायच्या, नारळ द्यायचा, छायाचित्र काढायचे आणि उतरायचे. घरी परतल्यावर शेजाऱ्याने विचारले तर उत्तर तयार असते, "वज्रेश्वरी करून आलो."

वज्रेश्वरी 'करून' येणाऱ्या या सुशिक्षित हिंदू कुटुंबांपैकी किती जणांना ठाऊक असते की, आपण ज्या पायऱ्या चढलो त्या एका राष्ट्रीय प्रतिज्ञेच्या पूर्तीच्या पायऱ्या आहेत? सतराव्या-अठराव्या शतकात कोकणच्या हिंदूंनी जे सोसले आणि जे परतवून लावले, त्याचे जिवंत स्मारक म्हणजे हे देऊळ होय. त्या स्मारकाची आज सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतील एक नोंद व्हावी, यापरते आत्मविस्मृतीचे दुसरे उदाहरण शोधावे लागणार नाही.

देवीचे स्थलांतर कोणामुळे?

परंपरा सांगते की, वज्रेश्वरीचे मूळ स्थान येथे नव्हते. ते येथून उत्तरेस गुंज येथे होते. पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केले आणि देवी वडवलीस आली. आजचे वज्रेश्वरी म्हणजेच पूर्वीचे वडवली. ही कथा कोणा भाविकाच्या कल्पनेतून उपजलेली नाही, हे समजण्यासाठी त्या काळातील कोकण किनाऱ्याकडे पाहिले की पुरे.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांच्या हवाली केला. पुढील दोनशे पाच वर्षे साष्टी-वसईच्या प्रजेने जे राज्य अनुभवले, ते केवळ व्यापाऱ्यांचे नव्हते. ते धर्मसत्तेच्या हातात हात घालून चालणारे राज्य होते. अनाथ हिंदू बालकांना ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याचा हुकूम पोर्तुगालच्या राजसत्तेने १५५९ मध्ये काढला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय स्थापन झाले. मधली चार-पाच वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालू होते. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर या शैव लेण्यात ख्रिस्ती उपासनास्थान थाटण्यात आले आणि माथ्यावर मठ उभा राहिला. त्या मठाचे भग्नावशेष आजही लेण्याच्या डोक्यावर उभे आहेत. ज्यांना पुरावा हवा त्यांनी लोकलचे तिकीट काढून तो पाहून यावा.

गोव्यात काय घडले? कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास खाडी ओलांडून प्रियोळास गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराने नार्व्यास आश्रय घेतला. त्या देवस्थानाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये प्रत्यक्ष शिवछत्रपतींनी केला आणि गोवा शासनाने त्याचे पुन्हा एकदा केलेले जतनकार्य २०२३ मध्ये पूर्णत्वास गेले. किनाऱ्यावरील दैवते अशी रात्री-अपरात्री डोक्यावर घेऊन नदी-खाड्यांपलीकडे न्यावी लागली. अशा मूर्ती हलविणारे हात राजेरजवाड्यांचे नसतात. ते पुजाऱ्यांचे, गुरवांचे, नावाड्यांचे, गावकऱ्यांचे असतात. जमीन गेली तरी चालेल, घर गेले तरी चालेल, पण देव सोडणार नाही, हा त्या सामान्य हिंदूचा निर्धार होता. गुंजची देवी वडवलीस आली ती याच निर्धाराच्या बळावर. ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याचा पहिल्या पायरीवरचा नमस्कार आणि ज्याला ठाऊक नाही त्याचा नमस्कार यांत महदंतर आहे.

नवस की संकल्प?

१७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीची मोहीम सुरू झाली. १७३९ च्या प्रारंभी केळवे, माहीम, तारापूर अशी ठाणी एकामागून एक पडली. तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेठरेकरांसारखा मोहरा कामी आला. उरली ती वसई. समुद्र आणि खाडीने वेढलेली, भक्कम तटबुरुजांची, युरोपीय तोफखान्याने सज्ज. परंपरा सांगते की, याच काळात चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला : वसई हाती आली तर देवीचे देऊळ बांधीन. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवे सुभेदार शंकर केशव फडके यांना देऊळ बांधण्याची आज्ञा झाली. तटबंदीने वेढलेले, गडासारखे दिसणारे आजचे मंदिर हे त्या आज्ञेचे फळ. पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी प्रवेशद्वारावर नगारखाना बांधला, तोही नवसपूर्तीसाठीच.

येथे आमचे बुद्धिवादी लगेच हसतात. सेनापती नवस बोलतो, म्हणजे अंधश्रद्धा झालीच! त्यांनी थोडा पुढचा इतिहासही वाचावा. नवस बोलणारे चिमाजी अप्पा देवी किल्ला घेऊन देईल म्हणून हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी तोफा आणल्या, मोर्चे बांधले, खंदकाच्या काठापर्यंत माणसे नेली, तटाखाली सुरुंग खणले. सुरुंग कधी उडाले, कधी उलटले. तटाला पडलेल्या खिंडारातून मराठे पुन:पुन्हा चढले आणि पुन:पुन्हा मागे रेटले गेले. हजारो माणसे त्या तटापुढे पडली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे यांच्यासारखे सरदार त्या वेढ्यात होते. देवीवर भार टाकून कर्तव्यातून सुटणारी ही वृत्ती नव्हे. कर्तव्याला देवीची साक्ष ठेवणारी ही वृत्ती आहे. परीक्षेत पास कर, फ्लॅट मिळू दे, मुलाचा व्हिसा होऊ दे, असे नवस बोलणाऱ्या आजच्या पिढीने हा भेद मनाशी नीट पडताळून पाहावा. त्या नवसात चिमाजी अप्पांनी स्वत:साठी काहीच मागितले नव्हते. विजयानंतर दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १७४० मध्ये, तेही गेले. वय तेहतीस-चौतीसच्या घरात.

पुण्याची स्वारी नव्हे, भिवंडीची हाक

या इतिहासावर दुसरा एक आक्षेप आवर्जून घेतला जातो. वसईची मोहीम म्हणजे पेशव्यांचा प्रदेशविस्तार, त्यात धर्माचा काय संबंध, असे विद्यापीठीय भाषेत सांगितले जाते. मोहिमेत राजकारण होते हे कोणी नाकारीत नाही. राजकारणाविना मोहीम होतच नसते. परंतु पेशव्यांच्या दारात साष्टीचे गाऱ्हाणे घेऊन कोण गेले होते? भिवंडी तालुक्यातीलच अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू. साष्टीच्या बखरीत या अंजूरकर नाईकांच्या खटपटीची कथा आली आहे. वर्षानुवर्षे ही माणसे पुण्याच्या वाऱ्या करीत होती, माणसे जोडीत होती, पोर्तुगीज ठाण्यांतील बातम्या काढीत होती, खाड्यांच्या वाटा दाखवीत होती. ठाण्याच्या विजयामागे हीच पूर्वतयारी होती.

अर्थ स्पष्ट आहे. ही स्वारी पुण्याने कोकणावर लादलेली नाही. कोकणाने हाक दिली आणि पुण्याने ती ऐकली. दडपलेल्या प्रजेने आपल्या मुक्तीसाठी केलेला हा उठाव होता. जगात इतरत्र असे घडले तर ज्यांची लेखणी त्याला मुक्तिसंग्राम म्हणते, त्यांनाच साष्टीच्या प्रजेची हाक ऐकू येत नाही, ही निवडक बधिरता म्हणावी लागेल. शालेय पुस्तकात ही मोहीम एखाद्या परिच्छेदात आटोपते. त्या परिच्छेदात अंजूरला जागा नसते, गुंजला नसते, मंदागिरीला तर नसतेच. मग भिवंडीच्या शाळेतील मुलाला आपला तालुका म्हणजे यंत्रमाग, गोदामे आणि खड्ड्यांचा रस्ता एवढाच वाटू लागला, तर दोष त्या मुलाचा नाही.

जुन्या जखमा आणि जुने सौजन्य

"आता कशाला हे सारे उकरायचे? वसईत ख्रिस्ती समाज आहे, त्यांची मने दुखावतील," हा तिसरा सूर. या सुरात सद्भाव किती आणि भित्रेपणा किती हे तपासण्याची गरज नाही. त्याला उत्तर चिमाजी अप्पांनीच देऊन ठेवले आहे. वसई शरण आल्यावर पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. ज्यांना जायचे त्यांना चीजवस्तूंसह जाण्याची मोकळीक मिळाली, आणि जे ख्रिस्ती मागे राहिले त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची हमी देण्यात आली. तटाखाली हजारो माणसे गमावलेल्या विजेत्याने हे केले. दोन शतके ज्यांची देवळे पाडली गेली, त्यांच्या सेनापतीने हे केले.

वसईच्या परिसरातील चर्च आजही उभी आहेत, त्यांच्या घंटा आजही वाजतात आणि तेथील ख्रिस्ती समाज पिढ्यान्पिढ्या मराठीत बोलतो, मराठीत लिहितो, शेती-वाडी करतो. तो या मातीचा आहे. सोळाव्या शतकातील धर्मन्यायाधीशांच्या कृत्यांचा जाब त्याला विचारणे हा अन्याय तर आहेच, शिवाय मूर्खपणाही आहे. किंबहुना त्याच्याही पूर्वजांनी ते राज्य सोसले आहे. परंतु आजच्या शेजाऱ्याशी सलोखा राखायचा म्हणून कालचा इतिहास पुसायचा, हा कोणता न्याय? सत्य सांगून सलोखा राखता येतो. तो तसाच टिकतो. सत्य दडवून राखलेला सलोखा पहिल्याच अफवेसरशी मोडतो. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रचंड घंटा वसईच्या विजयाशी नाते सांगते. भीमाशंकरची घंटाही तेच सांगते. त्या घंटा वाजविणारा हिंदू कोणाचा द्वेष करीत नाही. तो फक्त आपण काय होतो आणि काय सोसून उरलो, हे आठवतो. आठवण म्हणजे सूड नव्हे, आणि विस्मरण म्हणजे सहिष्णुता नव्हे.

आरोपीच्या पिंजऱ्यात आपणच

तथापि सारा दोष पुरोगाम्यांच्या माथी मारून मोकळे होण्याची सोय या प्रकरणात नाही. पुरोगाम्यांनी पाठ्यपुस्तकातून काय वगळले हे मोजता मोजता हिंदू कुटुंबांनी स्वत:च्या घरातून काय वगळले, याचा हिशेबही मांडला पाहिजे. वज्रेश्वरीला जाताना गाडीत मुलांना ही कथा सांगण्यास कोणत्या सरकारने मनाई केली आहे? कोणत्या निधर्मी विचारवंताने आई-वडिलांचे तोंड धरले आहे? सव्वा-दीड तासाच्या प्रवासात चित्रपटगीते वाजतात, मोबाइल चालतात, परतीच्या वेळी जेवायचे कोठे याची चर्चा होते. चिमाजी अप्पांसाठी दहा मिनिटे सापडत नाहीत.

सहल वाईट नाही. तानसेच्या काठी अकलोली-गणेशपुरीच्या परिसरात उष्ण पाण्याचे झरे आहेत. पृथ्वीच्या पोटातील उष्णता घेऊन वर येणारे हे पाणी म्हणजे निसर्गाचे आश्चर्य आहे. परशुरामाने या भूमीत यज्ञ केला आणि येथील टेकड्या त्या यज्ञाची रक्षा आहेत, असे लोक सांगत आले आहेत. ज्वालामुखीच्या खडकातून वाफाळते पाणी येताना पाहून पूर्वजांना यज्ञ आठवला. आजच्या नागरिकाला मद्याची बाटली आठवते. कुंडाच्या काठी प्लास्टिकचा खच, नदीपात्रात निर्माल्याच्या पिशव्या आणि उत्तररात्रीपर्यंत चालणारे रिसॉर्टमधील कर्णे, हे दृश्य कोणा परकीय आक्रमकाने निर्माण केलेले नाही. जी तानसा या कुंडांशेजारून वाहते तिच्यावरच्या धरणाचे पाणी मुंबई १८९२ पासून पीत आहे. आपल्याला पाणी पाजणाऱ्या नदीत आपणच कचरा टाकायचा आणि गंगा-शुद्धीवर भाषणे द्यायची, या विसंगतीस काय म्हणावे?

उपेक्षा एकट्या वज्रेश्वरीचीच आहे असेही नाही. याच भिवंडी तालुक्यात लोनाडचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. शेजारी लेणी आहेत, आणि त्या परिसरात शिलाहार राजांचे शिलालेख सापडले आहेत. १०६० मधील अंबरनाथचे शिवालय येथून फार दूर नाही. अंबरनाथची कीर्ती थोडीफार तरी झाली. लोनाडच्या भग्न शिल्पांसमोर उभे राहणारा पांथस्थ विरळाच. आठशे वर्षांची ही शिल्पे ऊन-पावसात झिजत आहेत, आणि त्याच तालुक्यातून रोज हजारो हिंदू गाड्या भरून पुढे जात आहेत. देवळे पाडणारे गेले. आता देवळे विसरणारे उरले आहेत. पाडलेले देऊळ पुन्हा बांधता येते, हे मंदागिरीने दाखविले. विसरलेल्या देवळाचे काय करायचे, याचे उत्तर आजच्या पिढीने द्यायचे आहे.

देवीच्या दारचे शेजारी

आणखी एक गोष्ट बोलली गेली नाही तर हे विवेचन अपुरे राहील. अंबाडी नाक्यापासून देवळापर्यंतच्या आणि वाड्याकडच्या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. त्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी, वारली, ठाकूर या वनवासी बांधवांची कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. पावसाळा संपला की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन कामाच्या जागी यायचे, उचल घेतलेली रक्कम फिटेपर्यंत विटा पाडायच्या आणि मुलांची शाळा त्या काळापुरती सुटली ती सुटलीच, असे चक्र पिढ्यान्पिढ्या चालू आहे. देवळाच्या पायथ्याशी राहणाऱ्या या हिंदूसाठी देवीचे भक्त काय करतात? गाडीच्या काचा वर करून पुढे जातात.

मग कोणी दुसरा येऊन त्यांच्या मुलांना शिकवितो, औषध देतो आणि हळूहळू त्यांचा देवही बदलतो, तेव्हा हेच भक्त धर्मांतराच्या नावाने बोटे मोडतात. धर्मांतराविरुद्ध जागृती आवश्यकच आहे. परंतु सेवेची जागा रिकामी ठेवून केलेली जागृती हा पोकळ आवाज ठरतो. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात तलासरी येथे माधवराव काणे यांनी वनवासी मुलांसाठी वसतिगृह उभे केले, तेव्हा त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. ते तेथे जाऊन राहिले. वज्रेश्वरीच्या शेजारी गणेशपुरी आहे. १९३६ च्या सुमारास तेथे आलेले आणि १९६१ मध्ये समाधिस्थ झालेले स्वामी नित्यानंद बोलत फार थोडे. पण परिसरातील गरीब मुलांना जेवू घालणे हा तेथला धर्म होता. देवळाच्या छायेत भुकेले मूल असू नये, एवढे साधे तत्त्व त्या अबोल संताने आचरून दाखविले. संकटकाळी देवीची मूर्ती वाचविणारा समाज आणि देवीच्या दारचे मूल शाळेविना सोडणारा समाज एकच असू शकतो काय, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने स्वत:ला विचारावा.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. त्यांना निधी लागत नाही, संकल्प लागतो. वज्रेश्वरीच्या पायथ्याशी मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत १७३९ चा वृत्तान्त मराठीत आणि हिंदीत लावता येईल. त्यासाठी संस्थानाच्या विश्वस्तांकडे भाविकांनीच आग्रह धरावा. शाळांच्या सहली जलक्रीडा उद्यानांत जातात. त्यांतील एक तरी सहल अंजूर, लोनाड, वज्रेश्वरी आणि वसईचा किल्ला अशी काढावी. एका दिवसात मुले आठशे वर्षांचा प्रवास करून येतील. नवरात्रात आणि चैत्र अमावास्येच्या यात्रेत पायऱ्यांच्या व कुंडांच्या स्वच्छतेची जबाबदारी तरुण मंडळांनी वाटून घ्यावी. देवीला जी कुटुंबे वर्षाकाठी साडीचोळी वाहतात, त्यांनी वीटभट्टीवरच्या एका मुलीच्या शिक्षणाचा भारही उचलावा. देवीची ओटी त्यानेही भरली जाईल. आणि घरातून निघताना, अंबाडी नाका येण्याआधी, मुलांना इतके तरी सांगावे की, आपण ज्या देवीला जातो आहोत ती एकेकाळी निर्वासित होती. तिला लोकांनी सोडले नाही म्हणून ती उरली आणि ती उरली म्हणून लोकही उरले.

मंदिर दगडाचे असते. ते टिकते स्मरणाने. चिमाजी अप्पांनी आपला शब्द पाळला. फडक्यांनी देऊळ उभे केले, गायकवाडांनी नगारखाना बांधला. प्रत्येक पिढीने आपल्या वाट्याचे काहीतरी मंदागिरीवर नेऊन ठेवले. आजच्या पिढीने तेथे काय ठेवले याचा शोध भावी इतिहासकार घेईल, तेव्हा त्याला केवळ प्लास्टिकच्या बाटल्या सापडू नयेत. तेवढी खबरदारी घेणे अजून आपल्या हाती आहे.